पोस्टग्रेसची मेमरी हळूहळू चढत जाते. हा लीक आहे का?

पहाटवारा

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांब लिहितो, कारण अर्धवट माहिती दिली की पहिले दहा प्रतिसाद उलटे प्रश्न विचारण्यातच जातात.

लिनक्सवर पोस्टग्रेस १५ हा डेटाबेस आहे. मशिनला ६४ जीबी रॅम, त्यावर दुसरं काही चालत नाही. शेअर्ड बफर्स (सगळ्या कनेक्शन्सची सामाईक कॅश) १६ जीबी, वर्क_मेम (सॉर्ट-हॅशसाठीची मर्यादा) १६ एमबी, मॅक्स_कनेक्शन्स ३००. ॲप्लिकेशन जावाचं आहे. सगळे पूल (कनेक्शन्स उघडी ठेवून पुन्हा वापरणारा भाग) मिळून साधारण २०० कनेक्शन्स कायम उघडी असतात. मुख्य टेबल मोठं आहे, तारखेवर पार्टिशन केलेलं, म्हणजे तुकड्यांत विभागलेलं.

रिस्टार्ट केल्यावर सगळं छान असतं. मग 'अव्हेलेबल' मेमरी रोज थोडी थोडी उतरत जाते. ट्रॅफिक तेवढंच, डेटाही फारसा वाढत नाही. शेवटी एखाद्या रात्री मोठा रिपोर्ट चालू असताना कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) एका बॅकएंडला, म्हणजे एका कनेक्शनमागच्या पोस्टग्रेस प्रोसेसला, मारतो आणि त्या एकापायी सगळ्यांचीच कनेक्शन्स तुटतात.

टॉप कमांडमध्ये बघावं तर कित्येक प्रोसेसेससमोर १५-१६ जीबी लिहिलेलं. ६४ जीबीच्या मशिनवर असे २०० जण कसे मावतात हे मला तरी कळलेलं नाही. टीममध्ये एक मत असं की पोस्टग्रेसच मेमरी गळतंय, व्हर्जन बदलू. त्याआधी नक्की कुठे बघायचं?

धडपड्या

आम्ही क्रॉनमध्ये दर रविवारी पहाटे रिस्टार्ट टाकलाय. कटकट संपली.

खारूताई

धडपड्या, कटकट संपली नाही, रविवारपर्यंत पुढे गेली. शिवाय प्रत्येक रिस्टार्टबरोबर पुरावा पुसला जातो तो वेगळाच. तपास करायचा असेल तर सगळ्यात मौल्यवान चीज म्हणजे आठवडाभर जगलेला, फुगलेला बॅकएंड. पहाटवारा, सध्या मशिन फुगलेलं असेल तर कृपा करून रिस्टार्ट मारू नका.

एका बॅकएंडपायी सगळी कनेक्शन्स का तुटतात, तर ओओएम किलर सिगकिल देतो. मरणाऱ्या प्रोसेसला आवराआवर करायला वेळ मिळत नाही. तिने शेअर्ड मेमरी अर्धवट लिहून ठेवली असेल, अशी शंका पोस्टमास्टरला (सगळ्या बॅकएंड्सच्या मूळ प्रोसेसला) घ्यावीच लागते. म्हणून तो बाकीच्या सगळ्यांना घरी पाठवतो आणि क्रॅश रिकव्हरी करून नव्याने उभा राहतो. ते वागणं बरोबरच आहे.

जुनाजाणता

लीक हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवू. आधी कुठली मेमरी वाढतेय ते ठरवा.

टॉपमधला आरईएस (म्हणजेच आरएसएस, प्रोसेसची रॅममधली एकूण मेमरी) हा आकडा पोस्टग्रेससाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. शेअर्ड बफर्सची १६ जीबी मेमरी सगळ्यांची मिळून एकच असते, पण बॅकएंडने तिच्यातल्या ज्या ज्या पानाला एकदा हात लावला ते पान त्या बॅकएंडच्याही खात्यावर दिसतं. एकत्र कुटुंबातल्या प्रत्येकाने अख्खं घर आपल्या नावावर सांगावं तसं. बेरीज केलीत तर २०० घरं निघतील. त्यामुळे कनेक्शन जुनं होईल तसा त्याचा आरईएस वाढतच जातो आणि शेअर्ड बफर्सच्या आकाराजवळ येऊन थांबतो. त्यात काळजीचं काही नाही.

तुम्हाला हवं आहे ते प्रॉक फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये वेगळं करून लिहिलेलं असतं. आरएसएस-ॲनॉन, आरएसएस-फाइल आणि आरएसएस-शेमेम अशा तीन ओळी बघा. पैकी आरएसएस-ॲनॉन ही त्या बॅकएंडची स्वतःची, खाजगी मेमरी. (फोर्कच्या वेळी पोस्टमास्टरकडून वाट्याला आलेली थोडी पानं त्यात मोजली जातात, पण ती किरकोळ.) सगळ्या बॅकएंड्सच्या आरएसएस-ॲनॉनची बेरीज करा. तिथेच व्हीएम-पीटीई नावाची ओळ आहे, तीही टिपून ठेवा. का ते नंतर सांगतो.

आणि मेम-इन्फो फाइलमधून ॲनॉन-पेजेस, शेमेम, पेज-टेबल्स आणि मेम-अव्हेलेबल. एवढे आकडे आणा, मग बोलू.

एकांडा

माझा अंदाज वर्क_मेम. १६ एमबी ही मर्यादा प्रत्येक क्वेरीला नसते, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला असते. हॅशसाठी तर १५ पासून हॅश_मेम_मल्टिप्लायर मुळातच २ असतो, म्हणजे ३२ एमबी. पॅरलल वर्कर आले की प्रत्येकाचा पुन्हा वेगळा हिशेब. ४ एमबीवर आणून बघा.

जुनाजाणता

एकांडा, मुद्दा खरा, पण तो इथला नाही. वर्क_मेमची मेमरी क्वेरी संपली की सुटते. तिचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होईल. इथे रोज चढतोय आणि उतरत नाही. रात्रीच्या रिपोर्टने शेवटचा धक्का दिला असेल, पण काठापर्यंत भरलं कुणी ते शोधायचंय.

धडपड्या

ड्रॉप कॅशेस करून बघितलं का? आमच्याकडे लगेच २० जीबी मोकळे झाले होते.

खारूताई

ते मोकळे आधीपासूनच होते. फाइल कॅश कर्नल लागेल तेव्हा सोडतोच, म्हणून तर 'फ्री' ऐवजी 'अव्हेलेबल' बघायचं असतं. पहाटवारा पहिल्यापासून तेच बघताहेत. कॅश रिकामी करून फक्त डिस्कला काम लागतं.

पहाटवारा

आकडे आणले. रिस्टार्ट केलेला नाही.

आरएसएस-ॲनॉनची बेरीज ३४ जीबी. शेमेम १६ जीबीच्या किंचित वर. पेज-टेबल्स मात्र तब्बल ६ जीबी! हे काय असतं?

आणखी एक गंमत. बॅकएंड्स दोन गटांत पडलेत. बहुतेकांचा आरएसएस-ॲनॉन १८० एमबीच्या आसपास, आणि थोडे आहेत ते १५-२० एमबीवर. मधल्या आकड्यांचं जवळजवळ कुणीच नाही.

जुनाजाणता

हे उत्तम काम झालं. दोन वेगळे रोग आहेत, दोन्ही सांगतो.

सोपा आधी. प्रोसेसला मेमरीचं पान कुठे आहे हे कळायला कर्नल पेज टेबल ठेवतो. ४ केबीच्या प्रत्येक पानामागे ८ बाइट्स. १६ जीबीमध्ये ४ केबीची पानं होतात सुमारे ४२ लाख, म्हणजे ३२ एमबी. शेअर्ड बफर्स सगळ्यांचे एक असले तरी हे टेबल प्रत्येक प्रोसेसचं आपापलं, व्हीएम-पीटीईची ओळ ती हीच. २०० गुणिले ३२ म्हणजे ६ जीबीच्या थोडं वर. जुळलं ना? ही मेमरी कुठल्याही प्रोसेसच्या आरएसएसमध्ये दिसत नाही, म्हणून माणसं डोकं धरून बसतात. उपाय म्हणजे ह्यूज पेजेस. पान २ एमबीचं झालं की हा खर्च जवळपास नाहीसा होतो.

आता ३४ जीबीचा रोग. दोन गट, मध्ये कुणी नाही, ही फार बोलकी गोष्ट आहे. खरा लीक असता तर कनेक्शनच्या वयाप्रमाणे सगळे आकडे पसरलेले दिसले असते. ४० एमबी, ७०, ११०, असे. तुमच्याकडे बॅकएंड १५ वरून एकदम १८० वर उडी मारतो आणि तिथेच थांबतो. म्हणजे कुठलीतरी एक ठराविक घटना घडली की त्या बॅकएंडमध्ये काहीतरी भरलं जातं आणि कायमचं राहतं.

फुगलेल्या एखाद्या बॅकएंडचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) घ्या आणि सुपरयूझरने पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हे फंक्शन त्याला लावा. १४ पासून आहे. तो बॅकएंड स्वतःच्या मेमरीचा ताळेबंद सर्व्हर लॉगमध्ये लिहितो, कनेक्शन तुटत नाही. १३ किंवा त्याआधीचं व्हर्जन असेल तर जीडीबी हा डीबगर लावून मेमरी-कॉन्टेक्स्ट-स्टॅट्स बोलवावं लागतं. ते चालू प्रॉडक्शनवर करताना हात थरथरतात, करायचंच तर जाणत्या माणसाला शेजारी बसवून.

लॉगमध्ये कॉन्टेक्स्ट, म्हणजे मेमरीचे कप्पे, झाडासारखे येतात. एका पालकाखाली पहिली १०० मुलंच लिहिली जातात, बाकीची एका ओळीत गुंडाळतात. ती गुंडाळलेली ओळ वगळून वाचू नका, बहुतेक वेळा चोर तिच्यातच असतो.

टिपकागद

अवांतर: आमच्याकडे मायएसक्यूएल आहे, ८.० व्हर्जन. तिथेही मेमरी अशीच चढते. तिथे हे कसं बघायचं? तिथे तर एकच प्रोसेस.

खारूताई

टिपकागद, वेगळा धागा काढलात तर बरं, पण थोडक्यात सांगते.

तिथे थ्रेड्स असतात, त्यामुळे शेअर्डची दुहेरी मोजणी नाही. परफॉर्मन्स स्कीमातला मेमरी_समरी_ग्लोबल_बाय_इव्हेंट_नेम बघा, किंवा सिस स्कीमातला मेमरी_ग्लोबल_बाय_करंट_बाइट्स, तो वाचायला सोपा. ८.० मध्ये ही मोजणी मुळातच चालू असते. ५.७ मध्ये बहुतेक बंद असते, आणि मधूनच चालू केली तर आधी घेतलेली मेमरी मोजली जात नाही.

मग सिसमधली एकूण बेरीज आणि प्रोसेसचा आरएसएस शेजारी ठेवा. बेरीजच चढत असेल तर कुठला इव्हेंट चढतोय ते समोर दिसेल. इनोडीबीचा बफर पूल भरेपर्यंत चढतो, तो चढायलाच हवा. बेरीज स्थिर आणि आरएसएस मात्र चढतोय, असं असेल तर संशय मेमरी वाटणाऱ्या लायब्ररीवर. जीलिबसीचा मॅलॉक ६४ बिटवर प्रत्येक कोअरमागे ८ पर्यंत अरीना (मेमरीचे वेगळे साठे) काढतो. थ्रेड्स भरपूर असले की सोडलेली मेमरी तुकड्यातुकड्यांनी अडकून राहते, कर्नलकडे परत जात नाही. तिथे जेईमॅलॉक किंवा टीसीमॅलॉक लावून पुष्कळांना फरक पडलेला आहे. आधी आकडे मात्र बघा, नाहीतर उगाच लायब्ररी बदलत बसाल.

टिपकागद

धन्यवाद ताई, बेरीज स्थिर आणि आरएसएस चढता, असंच आहे. वेगळा धागा काढतो.

पहाटवारा

लॉग मिळाला. टॉप-मेमरी-कॉन्टेक्स्टखाली जवळपास सगळं कॅश-मेमरी-कॉन्टेक्स्टचं आहे. त्याच्याखाली 'इंडेक्स इन्फो' नावाच्या छोट्या छोट्या ओळी, १०० झाल्यावर 'आणखी इतकी मुलं' म्हणून आकडा आहे तो साडेपाच हजारांच्या वर! थोड्या 'कॅश्ड-प्लॅन' नावाच्या ओळीही आहेत, त्या दिसायला मोठ्या.

जुनाजाणता

मुख्य टेबलाची पार्टिशन्स किती आणि प्रत्येकावर इंडेक्स किती?

पहाटवारा

दिवसाला एक पार्टिशन. चार वर्षांचा डेटा, म्हणजे सुमारे १४६०. प्रत्येकावर ४ इंडेक्स.

ओह. १४६० चोक ५८४०.

जुनाजाणता

सापडलं की हो तुम्हालाच.

बॅकएंड ज्या टेबलाला किंवा इंडेक्सला हात लावतो त्याची माहिती स्वतःपाशी साठवतो. कॉलम कुठले, इंडेक्स कसा, आकडेवारी काय. याला रिलेशन कॅश आणि कॅटलॉग कॅश म्हणतात. हे प्रत्येक बॅकएंडचं स्वतंत्र असतं, शेअर्ड नाही. याला कमाल मर्यादा घालणारी सेटिंग नाही. टेबलाची रचना बदलली तर नोंद बाद होते, नाहीतर कनेक्शन बंद होईपर्यंत ती बसून राहते. पूलवाले डिस्कार्ड ऑल पाठवतात त्यानेही ही कॅश रिकामी होत नाही. तात्पुरती टेबलं, प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स, सेटिंग्ज वगैरे जातं, हे राहतं.

साधारण टेबलांच्या बाबतीत कुणाला याचा पत्ताही लागत नाही. पण पार्टिशनच्या किल्लीवर अट नसलेली एक क्वेरी आली की प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) सगळी १४६० पार्टिशन्स आणि त्यांचे ५८४० इंडेक्स उघडावे लागतात. झाली तुमची उडी.

स्वतः करून बघा. पीएसक्यूएलने नवं सेशन उघडा. पीजी_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स या व्ह्यूमधून टोटल_बाइट्सची बेरीज घ्या, हा व्ह्यू फक्त स्वतःच्याच सेशनचं दाखवतो. मग तारखेची अट नसलेली क्वेरी एक्सप्लेन करा. चालवायचीही गरज नाही, नुसता एक्सप्लेन पुरतो, कारण कॅश प्लॅनिंगमध्येच भरते. पुन्हा बेरीज घ्या. नंतर दुसऱ्या नव्या सेशनमध्ये तारखेची अट घालून तेच करा.

पहाटवारा

केलं. नव्या सेशनमध्ये बेरीज २ एमबीसुद्धा नव्हती. तारखेशिवाय एक्सप्लेन केल्यावर १४० एमबी! तारीख घालून केलं तर फरक जेमतेम.

पण एक अडतंय. एका क्वेरीत १४० एमबी भरत असतील तर मेमरी हळूहळू का चढते? रिस्टार्टनंतर तासाभरात ३० जीबी व्हायला हवेत.

खारूताई

ती क्वेरी किती वेळा येते? माझी पैज, क्वचित. तपशील शोधण्याचा एखादा स्क्रीन असेल, दिवसातून काही वेळाच कुणी वापरतं. प्रत्येक वेळी पूल तिला जे कनेक्शन मोकळं असेल ते देतो. ज्याच्यावर पडली ते फुगतं आणि तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्यावर पडते. काही दिवसांत सगळ्यांवर एकेकदा पडून होते. एकेक बॅकएंड बघितला तर एकच पायरी दिसते, २०० जणांच्या पायऱ्या एकावर एक रचल्या की उतार दिसतो.

यातून एक ताडून बघता येईल. फुगायचे राहिलेले कमी होत जातात तसा उतार मंदावायला हवा. आलेखात शेवटी वाढ कमी झालेली दिसते का?

पहाटवारा

दिसते! पहिले काही दिवस चढ जास्त, नंतर कमी. आम्हाला वाटायचं शनिवार-रविवारमुळे.

आणि हो, स्क्रीन तसाच आहे. संदर्भ क्रमांकावरून शोध. त्यात तारीख नाही.

एकांडा

माझा वर्क_मेमचा मुद्दा मागे. पण पार्टिशन्सना एवढं झोडपू नका. रोजचं पार्टिशन जुना डेटा एका झटक्यात काढायला फार सोयीचं असतं, आणि काही हजारांपर्यंत प्लॅनर व्यवस्थित सांभाळतो.

जुनाजाणता

सांभाळतो, बहुतेक क्वेरी छाटून थोड्या पार्टिशन्सवर येत असतील तर. पोस्टग्रेसच्या कागदपत्रांमध्ये पार्टिशनिंगच्या प्रकरणातच हा इशारा दिलेला आहे, की अनेक सेशन्सनी अनेक पार्टिशन्सना हात लावला तर मेमरी काळाबरोबर बरीच वाढू शकते. चार वर्षांचा डेटा खरंच रोजच्या तुकड्यांत लागतो का? शेवटचे दोन महिने रोजचे आणि मागचं सगळं महिन्याचं केलं तर आकडा शंभरच्या आसपास येतो. मला विचाराल तर मी तेच करेन. मात्र ते सावकाशीचं काम आहे, आज काय करायचं ते सांगतो.

एक, कनेक्शनला आयुष्य द्या. तुमचा पूल कुठला माहीत नाही. हिकारी असेल तर मॅक्स-लाइफटाइम मुळात ३० मिनिटं असतो. कनेक्शन मेलं की त्याची कॅशही गेली. आयडल_सेशन_टाइमआउट लावू नका, पूलच्या पाठीमागे कनेक्शन तोडलं की ॲप्लिकेशनला उगाच एरर येतात.

दोन, 'कॅश्ड-प्लॅन'च्या मोठ्या ओळी. जावाचा ड्रायव्हर एकच क्वेरी पाचव्यांदा आली की सर्व्हरवर प्रिपेअर करतो (पुन्हा वापरायला तयार ठेवतो), आणि एका कनेक्शनवर अशा २५६ क्वेरी धरून ठेवतो. पुढे पोस्टग्रेस पाच वेळा खास प्लॅन करून सहाव्या वेळेपासून सरसकट प्लॅन स्वस्त वाटला तर तो घेतो. सरसकट प्लॅन करताना तारखेची किंमत माहीत नसते, म्हणून त्यात सगळी पार्टिशन्स येतात. क्वेरीत तारखेची अट असूनसुद्धा. या टेबलावर जास्त काम करणाऱ्या यूझरला प्लॅन_कॅश_मोड फोर्स_कस्टम_प्लॅन करून बघा. दर वेळी प्लॅनिंगचा थोडा वेळ जाईल, तो मोजा. ड्रायव्हरची ५ एमबीची कॅश मर्यादा आहे ती क्लायंटकडच्या हिशेबाची, सर्व्हरवरच्या प्लॅनला ती लागू नाही. यावर पुष्कळ जण फसतात.

तीन, २०० कनेक्शन्स खरंच लागतात का? एका क्षणी ॲक्टिव्ह किती असतात ते पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत बघा.

पहाटवारा

पूल हिकारीच आहे, मॅक्स-लाइफटाइम शून्य करून ठेवलेला सापडला. म्हणजे कनेक्शन अमर. ॲक्टिव्ह गर्दीच्या वेळीही ३०च्या वर जात नाहीत.

पीजीबाउन्सर हा वेगळा पूलर मध्ये घालावा का? प्रिपेअर्ड स्टेटमेंट्समुळे ट्रान्झॅक्शन मोड (ट्रान्झॅक्शन संपली की कनेक्शन दुसऱ्याला देणं) जमत नाही असं ऐकून आहे.

खारूताई

१.२१ पासून जमतं, मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स शून्यापेक्षा मोठं ठेवा. त्यात सर्व्हर_लाइफटाइमही मुळातच ३६०० सेकंदांचा असतो. पण आधी हिकारीची सेटिंग बदला आणि पूल लहान करा. बहुधा तेवढ्याने भागेल, आणखी एक डबा जोडायची गरज पडणार नाही.

पहाटवारा

मंडळी, परत आलो. मॅक्स-लाइफटाइम ३० मिनिटं केला, सगळे पूल मिळून ६० कनेक्शन्स केली. शोधाच्या स्क्रीनमध्ये तारखेचा टप्पा सक्तीचा केला, त्यावर थोडी कुरकुर झाली. आता कुठल्याही वेळी बघितलं तरी आरएसएस-ॲनॉनची बेरीज २ जीबीच्या आत, आणि आलेख आडवा. रात्रीचा रिपोर्टही विनातक्रार जातोय. प्लॅन_कॅश_मोडला अजून हात लावलेला नाही.

ह्यूज पेजेस राहिलेत. १६ जीबी भागिले २ एमबी म्हणजे ८१९२ ठेवू का?

जुनाजाणता

नेमके ८१९२ ठेवलेत तर कमी पडतील. शेअर्ड मेमरीत बफर्सशिवाय लॉक टेबल आणि इतर बरंच असतं. १५ वर आहात तर शो करून शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस विचारा, तो नेमका आकडा सांगतो. तेवढे कर्नलमध्ये राखून ठेवा आणि ह्यूज_पेजेस 'ऑन' करा. मुळात ते 'ट्राय' असतं, म्हणजे पानं पुरली नाहीत तर पोस्टग्रेस निमूटपणे ४ केबीवर परत जातो आणि तुम्हाला वाटतं झालं काम. 'ऑन' असेल तर सुरूच होणार नाही, निदान कळेल तरी. म्हणून रिस्टार्ट दिवसा, सगळे जागे असताना करा.

आणि त्यानंतर टॉपमधला आरईएस एकदम खाली आलेला दिसेल, कारण ह्यूज पेजेस आरएसएसमध्ये मोजलेच जात नाहीत. स्टेटस फाइलमध्ये त्यांची वेगळी ओळ असते. मेमरी वाचली म्हणून टीममध्ये दाखवायची असेल तर पेज-टेबल्सचा आकडा दाखवा, तो खरा.

धडपड्या

आमच्याकडे बघितलं. आरएसएस-ॲनॉन सगळ्यांचा २५ एमबीच्या आत आहे, पेज-टेबल्स ९ जीबी. शेअर्ड बफर्स २४ जीबी, कनेक्शन्स १९०. रविवारचा क्रॉन काढू का?

खारूताई

आधी ह्यूज पेजेस, मग क्रॉन काढा. ९ जीबी बघितल्यावर तुमचाही हिशेब जुळतोय.